अतिरेकाचा आस्वाद आणि चुकणारी नायिका

१

कादंबरीविषयी लिहिणारा समीक्षक स्वतःच्या वाचनाचा एक हिस्सा सहसा हिशेबाबाहेर ठेवतो. वर्गात तो ज्या कादंबऱ्या शिकवतो, चर्चासत्रांत ज्यांचे दाखले देतो, त्यांहून वेगळ्या कादंबऱ्या तो सुट्टीत वा रेल्वेच्या प्रवासात वाचत असतो. आणि त्यांचा उल्लेख झालाच तर किंचित हसून होतो. माझ्या बाबतीत हा हिस्सा इंग्रजीतील प्रणयरहस्यमय कादंबऱ्यांचा आहे. समुद्रकाठचे जुने घर, मनाचा थांग न लागू देणारा घरधनी, त्याच्या पहिल्या पत्नीविषयीचे मौन, आणि या साऱ्यांत चाचपडणारी, पदोपदी चुकणारी तरुण स्त्री हे या कादंबऱ्यांचे ठरलेले साहित्य. येथे वादळ नेमक्या रात्री होते, आग नेमक्या घराला लागते आणि मेलेले माणूस नेमक्या वेळी वर येते. प्रमाणाबाहेर असणे हाच येथला नियम असतो. मी या कादंबऱ्या वीसएक वर्षे आवडीने वाचत आले आहे. या आवडीचे समर्थन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. तिची तपासणी करणे हा आहे.

अशा वाचनाकडे पाहण्याच्या दोन रीती आपल्याकडे रूढ आहेत. पहिली ‘रंजनवादी’ असा शिक्का मारून विषय संपवते. वास्तववादी कादंबरीच्या कसोट्या प्रस्थापित झाल्यावर ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि ‘मंजुघोषा’ (१८६८) यांच्यासारख्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांना आपण कादंबरीच्या बाल्यावस्थेत टाकले, आणि अद्भुताची आवड हीही बाल्याचीच खूण ठरली. दुसरी रीत उदार आहे. ती म्हणते, थकलेल्या मनाला विरंगुळा हवा असतो, त्यात वावगे काय? दोन्ही रीतींत एक गोष्ट समान आहे. हा आनंद नेमका कशाचा, हे दोघींनाही विचारावेसे वाटत नाही.

पाश्चात्त्य स्त्रीवादी समीक्षेने तो प्रश्न विचारला, हे मान्य केले पाहिजे. जोॲना रस यांनी १९७३ साली आधुनिक गॉथिक कादंबऱ्यांवर लेख लिहिला. टानिया मॉडलेस्की यांचे पुस्तक १९८२ साली आणि जॅनिस रॅडवे यांचे १९८४ साली आले. रॅडवे यांनी तर अमेरिकेतील एका गावच्या वाचक स्त्रियांशी बोलून त्यांच्या वाचनाचा अभ्यास केला. परंतु अशा अभ्यासांत आस्वाद प्रायः इतरांचा असतो आणि विवेक अभ्यासकाचा. हे दोन्ही एकाच वाचकात असतील तर काय होते, हा माझ्यापुढील प्रश्न आहे.

२

नायिकेचे चुकणे हा या परंपरेचा नंतर जडलेला दोष नव्हे. तो तिच्या जडणघडणीतच आहे. ॲन रॅडक्लिफ यांची ‘द मिस्टरीज ऑफ उडॉल्फो’ १७९४ साली प्रसिद्ध झाली. तिच्यासारख्या कादंबऱ्यांची थट्टा करणारी जेन ऑस्टिन यांची ‘नॉर्दँगर ॲबी’ लेखिकेच्या निधनानंतर १८१७च्या डिसेंबरात बाहेर आली. या कादंबरीतील कॅथरीन मोरलंड ‘उडॉल्फो’ वाचून इतकी भारावली आहे, की जुन्या कपाटात सापडलेले कागद तिला गूढ हस्तलिखित वाटतात. सकाळी पाहते तो ती धोब्याची यादी निघते. यजमान जनरल टिल्नी यांनी आपल्या पत्नीचा घात केला असावा, असाही तर्क ती करते आणि तोही खोटा ठरतो.

‘नॉर्दँगर ॲबी’कडे बहुधा अतिरंजित वाचनावरचा उतारा म्हणून पाहिले जाते. परंतु पुढे काय घडते? कॅथरीन आपल्या कल्पनेइतकी श्रीमंत नाही, हे कळताच जनरल तिला सोबतीवाचून, एका दिवसाचीही सवलत न देता घराबाहेर काढतो. त्याने खून केलेला नाही, परंतु तो निर्दय आहे. कॅथरीनचा तपशील चुकला. माणसाची पारख सर्वस्वी चुकली नाही. शिवाय ज्याच्या मुखाने ऑस्टिन तिला समज देतात, तो हेन्री टिल्नी स्वतः ‘उडॉल्फो’ एका दमात वाचणारा आहे. अतिरेकी कथांनी तिला खोटे निष्कर्ष दिले, पण संशय घेण्याची शक्तीही दिली. नायिकेची चूक हा येथे अज्ञानाचा पुरावा नसून जाणून घेण्याचा एक मार्ग आहे, असे म्हणता येईल.

३

ही परंपरा डॅफ्ने द्यु मोरिए यांच्या ‘रेबेका’मध्ये (१९३८) अधिक अवघड वळण घेते. हिंदी चित्रपटाच्या प्रेक्षकांना तिचे कथानक ‘कोहरा’मुळे (१९६४) अंशतः परिचित आहे. एका धनवान बाईची पगारी सोबतीण असलेली तरुण मुलगी वयाने दुप्पट मोठ्या असलेल्या मॅक्सिम द विंटरशी लग्न करते आणि मॅंडरले या त्याच्या वडिलोपार्जित घरी येते. कथा तीच सांगते, परंतु तिचे नाव आपल्याला अखेरपर्यंत कळत नाही. नाव आहे ते मृत पहिल्या पत्नीचे, रेबेकाचे.

ही नायिका केवळ बुजरी नाही. ती मत्सरी आहे, भित्री आहे, आणि स्वतःच्या कल्पनांवर इतरांच्या शब्दांहून अधिक विश्वास ठेवणारी आहे. घरी आल्यावर काही दिवसांतच तिच्या हातून चिनी मातीची एक मौल्यवान मूर्ती फुटते. ती तुकडे गोळा करून खणात मागे दडवते. मूर्ती नाहीशी झाल्याचा आळ रॉबर्ट नावाच्या नोकरावर येतो, तेव्हा कुठे ती पतीजवळ कबुली देते. घरच्या मालकिणीने नोकरांच्या भीतीने नवख्या मोलकरणीसारखे वागावे, याची आपल्याला गंमत वाटते आणि कीवही येते. पहिल्या वाचनात हा प्रसंग स्वभावदर्शनापुरता वाटतो.

पुढे उपसागरात एक जहाज फसते, पाणबुड्या खाली उतरतो, आणि रेबेकाची बुडालेली नाव आत तिच्या प्रेतासह सापडते. मॅक्सिम पत्नीला सांगतो, की रेबेकाला त्याने स्वतः गोळी घातली आणि नावेत घालून बुडवले. हा कादंबरीचा मध्यबिंदू. या क्षणी नायिकेच्या मनात काय उमटते? खुनाची भीती किंवा घृणा नव्हे. तिच्या लेखी कबुलीचा अर्थ एवढाच असतो, की त्याचे रेबेकावर कधीच प्रेम नव्हते. तिचे मन हलके होते. दुसऱ्या दिवशी, कालपर्यंत नोकरांना भिणारी ही स्त्री जेवणाच्या पदार्थांवरून ठामपणे हुकूम सोडू लागते.

आणि वाचकाचे काय होते? माझा अनुभव प्रांजळपणे नोंदवायचा तर माझेही मन हलके झाले. मीही अडीचशेहून अधिक पाने याच वाक्याची वाट पाहत होते. त्यानंतरच्या चौकशीत मॅक्सिम सुटावा, असे मला वाटत राहिले. नावेच्या तळाला आतून भोके पाडली होती, अशी साक्ष आली तेव्हा मी धास्तावले. आत्महत्येचा निर्णय आला तेव्हा सुटकेचा श्वास सोडला. आणि रेबेकाला असाध्य कर्करोग होता असे लंडनच्या डॉक्टरांकडून कळले, तेव्हा एका स्त्रीचे मरणांतिक दुखणे मला शुभवार्ता वाटली. रेबेकाच्या दुर्वर्तनाची हकीकत आपण ऐकतो, तीही मुख्यतः ज्याने तिला मारले त्याच्याच तोंडून. तिची बाजू मांडायला कोणी नाही. तिच्यावर जीव टाकणाऱ्या मिसेस डॅनव्हर्सला तर कादंबरीने आधीच भयानक ठरवून टाकले आहे.

आता खणातील तुकडे पुन्हा आठवावेत. जी मुलगी फुटलेली मूर्ती लपवते, तीच पुढे प्रेत लपवणाऱ्याच्या पाठीशी उभी राहते. मूर्तीच्या प्रसंगी आपण तिला हसत हसत क्षमा केली होती. ती क्षमा ही पुढच्या मोठ्या क्षमेची रंगीत तालीम होती. नायिका निर्दोष असती, तर तिच्यासोबत इतक्या दूर जायला आपण कचरलो असतो. तिचे दोष आपल्या ओळखीचे आणि आकाराने लहान आहेत, म्हणूनच त्यांचे बोट धरून कादंबरी आपल्याला गुन्ह्यापर्यंत नेते.

हिचकॉक यांनी १९४० साली या कादंबरीवर चित्रपट केला, त्यात रेबेका पडून डोक्याला मार लागल्याने मरते. पत्नीचा खून करून नायक शिक्षेवाचून सुटतो, हे तेव्हाच्या अमेरिकन चित्रपटसंहितेला चालणारे नव्हते. या बदलाने मॅक्सिम बव्हंशी निर्दोष ठरतो, आणि त्याबरोबर प्रेक्षकही. कादंबरी वाचकाला अशी सूट देत नाही.

४

येथे एक आक्षेप संभवतो. करमणुकीसाठी वाचल्या जाणाऱ्या पुस्तकाला नैतिक प्रश्नांचे हे ओझे पेलते का? आगी, वादळे, पोशाखी मेजवान्या यांच्या गर्दीत वाचकाला एवढा विचार सुचतो तरी कुठे?

सुचत नाही, हे खरेच. आणि अतिरेकाचे कार्य तेथेच दिसते. प्रसंगांचा वेग आणि भावनांची उंची विवेकाला तात्पुरते बाजूला सारतात. भारतीय काव्यशास्त्राला ही अवस्था अनोळखी नाही. रावणाच्या सीतेवरील अनुरागाची चर्चा करताना ‘लोचन’कार अभिनवगुप्तांनी सांगितले आहे, की तन्मयतेच्या क्षणी प्रेक्षकाला तेथे रतीचाच आस्वाद येतो, हा शृंगार नसून शृंगाराभास आहे, हे भान नंतरच्या विचारातून येते. आपण रसाभासाकडे बहुधा अनौचित्याचा निर्णय म्हणून पाहतो. त्यातील काळाचा क्रम मला अधिक महत्त्वाचा वाटतो. आस्वाद आधी येतो आणि विवेक मागून. पहिला दुसऱ्यामुळे पुसला जात नाही. ज्याला रावणाच्या अनुरागाने क्षणभरही ओढले नाही, त्याला आभासाची जाणीव होण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

‘रेबेका’ची रचना याच क्रमावर उभी आहे. कादंबरीच्या आरंभी हे जोडपे परदेशातील हॉटेलांत राहते. घर गेले आहे, भूतकाळाची आठवण होईल असे विषय दोघे टाळतात. पहिल्या वाचनात हे पान नुसते गूढ आणि हुरहूर लावणारे वाटते. शेवट कळल्यावर पुन्हा वाचले, की ते शिक्षेचे वर्णन ठरते. न्यायालयाने सोडलेल्यांना कादंबरीने पहिल्याच प्रकरणात शिक्षा सुनावलेली असते. आपल्याला ती वाचता आलेली नसते, एवढेच.

यातून या वाङ्मयप्रकारातील तरतमभावाची एक कसोटी हाती लागते. नायिकेची चूक वाचकाला सहभागी करून घेते, की केवळ कथानक लांबवते? व्हिक्टोरिया होल्ट यांच्या ‘मिस्ट्रेस ऑफ मेलिन’मध्ये (१९६०) कॉर्नवॉलमधील एका घरी शिक्षिका म्हणून आलेली नायिका घरधन्यावर संशय घेते. तो निर्दोष निघतो, गुन्हेगार दुसरेच कोणी असते. चूक दुरुस्त होते आणि तेथेच संपते. ही कादंबरी मी एका रात्रीत वाचून काढली होती आणि तो आनंद खोटा नव्हता. दुसऱ्या वाचनात मात्र तिने मला नवे काहीच विचारले नाही.

५

या कसोटीवर मेरी एलिझाबेथ ब्रॅडन यांची ‘लेडी ऑड्लीज सीक्रेट’ (१८६२) आणखी एक टोक दाखवते. येथे चुकणारी स्त्रीच गुन्हेगार आहे. परदेशी गेलेल्या पतीचा ठावठिकाणा नसताना ती नाव बदलून एका श्रीमंत वृद्धाशी लग्न करते. पहिला पती परतल्यावर त्याला विहिरीत ढकलते. पुढे रहस्य फुटू नये म्हणून खाणावळीला आग लावते. अशा कादंबऱ्या विचाराला वगळून थेट वाचकाच्या मज्जातंतूंवर काम करतात, अशी तक्रार एच. एल. मॅन्सेल यांनी १८६३ साली केली होती. तक्रार वस्तुस्थितीला धरून आहे; ती अपुरी आहे, एवढेच. कारण याच कादंबरीत, या स्त्रीला तपासायला आलेला डॉक्टर प्रथम म्हणतो, की हिच्या वागण्यात वेडाचे लक्षण नाही. ती दारिद्र्यातून बाहेर पडली, कारण तिला चांगली स्थिती हवी होती. दुसरे लग्न केले, कारण त्यातून संपत्ती मिळणार होती. नंतर तोच डॉक्टर तिला बेल्जममधील वेड्यांच्या इस्पितळात पाठवण्याची सोय करून देतो. घराण्याची अब्रू वाचते. तिचा पाठलाग रंगून वाचणारा वाचक या ठिकाणी अडखळतो: आपण तिला पकडले जावे असे इच्छित होतो ते हेच होते का?

‘मुक्तामाला’ची नायिका सद्गुणी आहे, तिच्यावरील संकटे बाहेरून येतात. अशा नायिकेसाठी आपण हळहळतो, परंतु तिच्या संदर्भात स्वतःला काही विचारावे लागत नाही. आपल्या प्रारंभीच्या अद्भुतरम्य कादंबरीची मर्यादा अद्भुतात होती, असे आपण मानत आलो. ती नायिकेच्या निष्कलंकपणातही असावी, असे मला या वाचनानंतर वाटू लागले आहे. अद्भुत टाकताना आपण अतिरेकाचे एक उपयुक्त साधनही टाकले का, हे तपासायला हवे.

मॅक्सिमच्या कबुलीनंतर मला वाटलेला आनंद आता मला लाजवतो. परंतु तो झालाच नाही असे म्हणून मी ‘रेबेका’वर लिहू लागले, तर माझे लिखाण निर्दोष होईल आणि त्यात कादंबरी उरणार नाही. समीक्षकाने आपला पहिला आस्वाद आहे तसा नोंदवावा, आणि मग त्याची उलटतपासणी करावी. खणातील तुकडे आधी बाहेर काढावे लागतात.