टीबीचं जनुक सापडलं, पण कुठल्या टीबीचं?

क्षयरोग आणि रोगप्रतिकारशक्तीची जनुकं या विषयात पीएचडी करायचा विचार असेल, तर एलटीए४एच या जनुकावरचे पेपर पुढे दिलेल्या क्रमाने वाचा. पहिल्या दोनांत विषयाच्या प्रेमात पडाल, पुढच्या दोनांत गोंधळाल. हा गोंधळ टाळू नका.

हे जनुक दाह वाढवणारा एक रेणू तयार करायला लागतं. बडोद्यात वाढलेल्या ललिता रामकृष्णन यांच्या गटाने २०१० साली झेब्राफिशवर दाखवलं की ते बिघडलं की टीबीच्या जंतूचा जवळचा नातेवाईक असलेला जंतू आटोक्यात राहत नाही. व्हिएतनाममधल्या टीबी मेनिंजायटिसच्या, म्हणजे मेंदूच्या आवरणाच्या टीबीच्या रुग्णांतही या जनुकातल्या फरकांचा संबंध दिसला. २०१२ मध्ये पुढचा दावा आला: ज्यांचा जनुकप्रकार जास्त दाह करतो, त्यांनाच डेक्सामिथासोनचा खरा फायदा होतो. मासा, माणूस आणि औषध एका ओळीत! पण ज्या गटावर हा दावा उभा आहे, त्यात माणसं थोडी होती.

२०११ मध्ये रशियात ९,११५ जणांच्या अभ्यासात फुप्फुसाच्या टीबीशी या जनुकाचा संबंध सापडला नाही. २०१७ मध्ये इंडोनेशियातल्या मेनिंजायटिसच्या रुग्णांतही जनुकप्रकारावरून मृत्यूचा अंदाज बांधता आला नाही.

इथे बरेच जण ‘रिप्लिकेट झालं नाही’ म्हणून मोकळे होतात. मला हे वाचन आळशी वाटतं. रशियाचा प्रश्नच वेगळा होता: फुप्फुसाचा टीबी कोणाला होतो? व्हिएतनाममधला २०१२ चा प्रश्न होता, मेंदूपर्यंत पोचलेल्या टीबीतून कोण वाचतं? इंडोनेशियाचा प्रश्न तोच होता, पण तिथले रुग्ण जास्त गंभीर अवस्थेत दाखल झाले होते. म्हणजे आजाराचा प्रकार आणि टप्पा बदलला की त्याच जनुकाचं उत्तर बदलू शकतं.

आता हे आपल्याकडे आणा. समजा, तुम्ही पूर्णगड-पावस पट्ट्यातले टीबीचे रुग्ण घेतले आणि कंट्रोल म्हणून मुंबईच्या रक्तपेढीतले दाते. कोकणात लग्नं बहुतेक जातीतच होतात, त्यामुळे काही जनुकप्रकार एखाद्या समाजात जास्त सापडतात. त्यात त्याच समाजातले चाकरमानी वर्षानुवर्षं चाळीतल्या दाटीवाटीच्या खोल्यांत राहिलेले असतील, तर तुम्हाला सापडलेलं ‘टीबीचं जनुक’ प्रत्यक्षात मुंबईला कामाला जाण्याची खूण असेल. पी-व्हॅल्यू कितीही देखणी असली तरी हे झाकलं जात नाही.

याच्या उलट मुंबईच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेतलं काम पाहा. बीसीजीच्या लशीतल्या कमकुवत जंतूनेही काही बाळं गंभीर आजारी पडतात. त्यांच्यात आयएल-१२ या रेणूच्या मार्गातला दोष शोधताना फक्त जनुक वाचून थांबत नाहीत. रक्तातल्या पेशी प्रतिसाद देतात का, हेही तपासतात. अर्थात ही उदाहरणं दुर्मीळ असतात. सर्वसामान्य जनुकप्रकारांकडून इतक्या स्पष्ट उत्तराची अपेक्षा ठेवू नका.

म्हणून सिनॉप्सिस लिहिताना फुप्फुस, लसिकाग्रंथी, मणका आणि मेंदू यांचा टीबी एकाच रकान्यात टाकू नका. कंट्रोल शक्यतो त्याच वाडीतले, जमलं तर रुग्णाच्याच घरात राहणारे आणि तरीही आजारी न पडलेले घ्या. नमुने कमी मिळतील, वेळही जास्त जाईल. गाइडशी यावर वाद घालावा लागला तर तो नमुने गोळा करण्याआधीच घाला.