एम.एड. की एम.ए. शिक्षणशास्त्र? निवडीचा निकष

एम.एड. ही बी.एड.च्या वरची पायरी, म्हणून ती केली की शिकवणे सुधारेल, हा समज तपासून पाहू. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनी दोन्ही अभ्यासक्रम दोन वर्षांचे केले. शाळेतील २० आठवड्यांची आंतरवासिता मात्र बी.एड.ला आहे. एम.एड.चा हेतू शिक्षकांचे शिक्षक घडवणे हा असल्याने तिथे सिद्धान्त, संशोधन पद्धती आणि लघुप्रबंध यांना मोठी जागा मिळते. एम.ए. शिक्षणशास्त्राला बी.एड. लागतेच असे नाही. पण त्याने शाळेत शिक्षक होण्याची पात्रता मिळत नाही.

खरी उणीव पुढे आहे. अध्यापन पद्धतींवर केवळ पेपर लिहून घेणारा अभ्यासक्रम व्याख्या देतो, हातोटी देत नाही. ओहमचा नियम पाठ असला म्हणून परिपथ जोडता येत नाही, तसेच हे.

म्हणून दोन वर्षे आणि शुल्क गुंतवण्याआधी तीन प्रश्न विचारा. माझा पाठ कोण, किती वेळा पाहणार? अभिप्रायानंतर तोच पाठ पुन्हा घ्यायला मिळेल का? आधीचे लघुप्रबंध प्रत्यक्ष वर्गाचा अभ्यास करतात का? उत्तरे मिळाली नाहीत, तर पदवी हाती येईल, शिकवणे होते तिथेच राहील.