ऑगस्टमध्ये जन्मलेली मुलं

माझ्या भाच्याचा जन्म ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यातला. ताई आणि भाऊजी टेक्सासमध्ये राहतात. तिथे १ सप्टेंबरपर्यंत पाच वर्षं पूर्ण झाली की मुलाला किंडरगार्टनमध्ये प्रवेश मिळतो. आठवडाभर उशिरा जन्मला असता तर वर्षभर घरी राहिला असता. तसं झालं नाही, त्यामुळे तो वर्गात सगळ्यात लहान. पहिलीत असताना बाईंनी ताईला बोलावून सांगितलं, हा जागेवर बसत नाही, दुसऱ्याचं बोलणं मध्येच तोडतो, एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या. एडीएचडी हा शब्द त्या रात्री आमच्या फॅमिली ग्रुपवर पहिल्यांदा आला.

घरातला 'शोधून सांग रे' माणूस मी. मी इंजिनिअर, डॉक्टर नाही, पण डेटा वाचायची सवय आहे. शोधता शोधता एक पेपर सापडला आणि मी जवळपास उडीच मारली. टिमोथी लेटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा पेपर नोव्हेंबर २०१८मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. चार लाखांहून जास्त अमेरिकन मुलांच्या विम्याच्या नोंदी त्यांनी तपासल्या. जिथे शाळाप्रवेशाची सीमा १ सप्टेंबर आहे, अशा राज्यांत ऑगस्टमध्ये जन्मलेल्या मुलांना एडीएचडीचं निदान होण्याचं प्रमाण सप्टेंबरमध्ये जन्मलेल्यांपेक्षा ३४ टक्क्यांनी जास्त निघालं.

पेपरची रचना मला अजूनही सुंदर वाटते. चांगला टेस्टर कोड तपासतो तसे लेखक स्वतःच्याच निष्कर्षाच्या मागे लागतात. इतर लागोपाठच्या महिन्यांत हा फरक दिसतो का? नाही. जिथे ही सीमा नाही त्या राज्यांत? नाही. दमा, मधुमेह, लठ्ठपणा यांच्या निदानात? तिथेही नाही. मेंदूला १ सप्टेंबर कळत नाही, शाळेला कळतो. म्हणजे फरक कुठून येतो, हे उघड आहे.

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात २०१२ साली हेच चित्र दिसलं होतं. तिथे सीमा ३१ डिसेंबर, त्यामुळे जास्त निदान डिसेंबरच्या मुलांचं. डेन्मार्कमधल्या २०१४च्या अभ्यासात मात्र हा फरक जेमतेमच दिसला. तिथे निदान तज्ज्ञ करतात आणि लहान वाटणाऱ्या मुलाला वर्षभर उशिरा शाळेत घालणं सर्रास चालतं.

मी पेपरची लिंक ताईला पाठवली आणि खाली लिहिलं, 'टेस्ट वगैरे काही नको. त्याला काही झालेलं नाही, तो फक्त ऑगस्टचा आहे.' तिचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. 'तुझा पेपर वाचला. पण चार ओळींच्या गृहपाठासाठी दोन तास रडणाऱ्या पोराजवळ मी बसते, तू नाही.'

मला राग आला. मग मी पेपर पुन्हा वाचला, या वेळी ३४ टक्के बाजूला ठेवून. मूळ आकडे असे आहेत: दर दहा हजार मुलांमागे ऑगस्टची ८५, सप्टेंबरची ६४. म्हणजे जास्तीची २१. पण उरलेली ६४? ती सप्टेंबरमध्ये जन्मली असती तरी यादीत आलीच असती, असंच हे गणित सांगतं. निदान झालेल्या ऑगस्टच्या दर चार मुलांपैकी साधारण तिघांचं निदान महिन्यामुळे झालेलं नाही. आणि आपला भाचा त्या तिघांतला की चौथा, हे या पेपरमधून कळूच शकत नाही.

आणखी एक गोष्ट पहिल्या वाचनात सुटली होती. ती २१ मुलं चुकून यादीत आली असं आपण धरून चालतो. पण विम्याच्या नोंदीत फक्त निदानाचा कोड असतो, मूल नसतं. कदाचित सप्टेंबरची काही मुलं वर्गात मोठी म्हणून सावरून जातात आणि कोणाच्या नजरेतच येत नाहीत. मोजपट्टी वाकडी आहे एवढं पेपर सिद्ध करतो. ती कोणत्या बाजूला वाकलीय, हे सांगत नाही. मी मोजपट्टीवरची टीका वाचली आणि मोजायची वस्तूच नाही असं ठरवून टाकलं. या पेपरचे बातम्यांतून फिरणारे सारांशही वाचकाला तिकडेच ढकलतात.

मोजपट्टी वाकते कुठे, ते ताईने पाठवलेल्या फॉर्मच्या फोटोत दिसलं. व्हँडरबिल्ट नावाची ही प्रश्नावली अमेरिकेत सर्रास वापरतात. प्रत्येक लक्षणापुढे चार पर्याय: कधीच नाही, कधीकधी, बऱ्याचदा, खूपदा. 'बऱ्याचदा'वर खूण केली की लक्षण मोजलं जातं. सगळा भार या एका शब्दावर. बऱ्याचदा म्हणजे कोणापेक्षा? फॉर्मच्या सुरुवातीलाच सूचना आहे की मुलाच्या वयाला साजेसं काय, ते लक्षात घेऊन उत्तर द्या. पण बाईंच्या डोळ्यांसमोर वय नसतं, वर्ग असतो. सहा वर्षांच्या पोराशेजारी जवळपास सात वर्षांचं पोर बसलेलं असतं. इथे मी बाईंना दोष देत नाही. वीस पोरं सांभाळताना कोण जन्मतारखा आठवत बसेल?

ताई भाच्याला घेऊन गेलीच. तिथल्या डॉक्टरांनी पहिल्यांदा जन्मतारीख विचारली, मग घरचं आणि शाळेचं वेगवेगळं ऐकून घेतलं आणि त्याच्याच वयाच्या मुलांशी तुलना केली. निदान झालं: एडीएचडी आहे. आता ताई-भाऊजी पालकांसाठीच्या प्रशिक्षणाला जातात, गृहपाठ दहा-दहा मिनिटांचे तुकडे करून होतो, औषधाचा निर्णय पुढच्या भेटीत.

हा पेपर जरूर वाचा. कोणी तुमच्या घरातल्या लहानग्याबद्दल काही सुचवलं, तर त्याच्या वर्गातली बाकीची मुलं किती महिन्यांनी मोठी आहेत हे नक्की विचारा. पण मी केलं तसं करू नका. ताई तीन आठवडे माझ्या लिंकमुळे थांबली होती. गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर मी तिला सॉरी म्हटलं. ती काही बोलायच्या आत भाच्याने फोन हिसकावला आणि मला त्याचा पडलेला दात दाखवला.