विलीनीकरणातील संघर्ष आणि समान पूर्वजाचा प्रश्न

संगणकीय आज्ञावलीच्या एकाच संहितेवर अनेक हात एकाच वेळी काम करीत असतात. या हातांचे लेखन जपणाऱ्या आवृत्ती-नियंत्रण प्रणालींकडे आपले अभ्यासक बहुधा केवळ सोय म्हणून पाहतात. परंतु अशा प्रत्येक प्रणालीच्या मुळाशी संहितेविषयीची एक भूमिका असते आणि ती तपासून पाहणे अवश्य आहे. प्रस्तुत टिपणात 'गिट' या प्रणालीतील विलीनीकरणाचा, म्हणजे 'मर्ज'चा, त्या दृष्टीने विचार करावयाचा आहे.

१९७२ मध्ये बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकाइंड यांनी रचलेली 'एस्‌सीसीएस' आणि १९८२ च्या सुमारास वॉल्टर टिची यांनी पुढे आणलेली 'आर्‌सीएस' या प्रणालींचा भर कुलपावर होता. एकाने फाइल बदलावयास घेतली की इतरांनी थांबावयाचे. १९८६ मध्ये डिक ग्रून यांच्या 'सीव्हीएस'ने हे कुलूप काढले. २००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्‌स यांनी लिनक्सच्या कामासाठी गिट रचली. तीत शाखा म्हणजे इतिहासातील एका नोंदीकडे बोट दाखवणारे नाव, एवढेच. शाखा काढणे असे स्वस्त झाल्यामुळे त्या जुळवण्याचे काम नित्याचे झाले.

ही जुळणी तीन प्रतींवर उभी आहे: दोन शाखांची टोके आणि त्या जेथून फुटल्या तो समान पूर्वज. एखादा भाग एकाच शाखेत बदलला असेल, तर तो बदल स्वीकारला जातो. दोन्ही शाखांनी तोच भाग वेगवेगळ्या रीतीने बदलला असेल, तर संघर्ष जाहीर होतो. अर्थात पूर्वज हाच येथे न्यायाधीश आहे. मात्र संघर्ष उद्भवला की गिट आपल्या मूळ मांडणीत कोनचिन्हांच्या मध्ये दोन्ही पक्षांचे पाठ छापते आणि पूर्वजाचा पाठ गाळते!

याचा परिणाम उदाहरणाने स्पष्ट होईल. ग्रंथालयाच्या एका आज्ञावलीत पुस्तक परत करण्याची मुदत '७ दिवस' होती, असे समजू. एका शाखेत तिचे '१४ दिवस' झाले, दुसरीत 'सुट्ट्या वगळून ७ दिवस' झाले. हे दोनच पाठ समोर असता ते परस्परांचे प्रतिस्पर्धी भासतात, आणि घाईतला अभ्यासक त्यांपैकी एक निवडून मोकळा होतो. मूळचा '७ दिवस' हा पाठ शेजारी ठेवला की एकाने संख्या बदलली आणि दुसऱ्याने मोजण्याची रीत बदलली, हे तत्काळ दिसते. मग 'सुट्ट्या वगळून १४ दिवस' हा पाठ आपोआप सुचतो. वरवर विरोध दिसणाऱ्या ठिकाणी वस्तुतः विरोध नव्हताच.

पाठचिकित्सेच्या अभ्यासकास ही गोष्ट विशेष खटकेल. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, ती उपलब्ध हस्तलिखितांवरून त्यांच्या पूर्वजाकडे मागे जाण्यासाठी. तेथे पूर्वज हरवलेला होता. गिटमध्ये तो भांडारात अक्षरशः शाबूत असतो, आणि नेमका निर्णयाच्या क्षणी दृष्टीआड राहतो. दोन शाखा एकमेकींत वारंवार मिसळल्या असतील, तर सर्वांत जवळचे पूर्वज एकाहून अधिक निघतात. तेव्हा गिट त्यांचेच विलीनीकरण करून एक कल्पित पूर्वज घडवते. पूर्वजाचे महत्त्व प्रणालीस स्वतः मान्य आहे, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता?

या मांडणीचे समर्थन करता येते. तीन पाठ एकाखाली एक आले की पृष्ठ लांबते आणि नजर गोंधळते. परंतु 'डिफ-थ्री' ही मांडणी स्वीकारली की पूर्वज दिसू लागतो. २०२२ च्या आरंभी २.३५ या आवृत्तीत आलेली 'झेड-डिफ-थ्री' तर दोन्ही पक्षांच्या आरंभी व शेवटी असलेल्या समान ओळी बाहेर काढून पसाराही कमी करते. तेव्हा सोयीचा आक्षेप आता फारसा टिकत नाही.

तथापि पूर्वज दिसला म्हणजे सर्व साधले, असेही नव्हे. प्रणाली ओळींची तुलना करते, अर्थाची नाही. वरच्याच आज्ञावलीत एका शाखेने मुदत दिवसांऐवजी तासांत मोजावयास घेतली आणि दुसरीने वेगळ्या फाइलीत, मुदत दिवसांत आहे असे धरून, विलंबशुल्काचा हिशेब लिहिला, तर विलीनीकरण निर्वेध पार पडेल आणि शुल्क मात्र चुकेल. ओळींच्या पातळीवरही आपला भरवसा पुरता साधार नाही. एकमेकांपासून दूर असलेले बदल कधीच भिडत नाहीत, ही समजूत सरसकट खरी नाही, हे खन्ना, कुणाल व पिअर्स यांनी २००७ मध्ये 'डिफ-थ्री'च्या मूळ पद्धतीचे विश्लेषण करून दाखवले. अर्थाच्या आधारे आज्ञावली जुळवण्याचा हॉर्विट्झ, प्रिन्स व रेप्स यांचा १९८९ चा प्रयत्न मोलाचा खरा, पण तो एका मर्यादित भाषेपुरता होता.

यास्तव संघर्षाची सूचना ही बदलांच्या जवळिकीची खूण मानावी, विरोधाची नव्हे. आणि प्रणालीचे मौन ही संमती मानू नये. शाखा अल्पायुषी ठेवाव्यात, म्हणजे पूर्वज जवळ राहतो. संघर्ष सोडवताना तो डोळ्यांपुढे ठेवावा आणि निर्वेध विलीनीकरणानंतरही चाचण्या चालवाव्यात. पाठनिश्चितीची जबाबदारी अखेर संपादकाची असते. यंत्राने प्रती जुळवून दिल्या, म्हणून ती त्याच्या शिरावरून उतरत नाही.