वार्धक्यातील उभारीचे मोजमाप : एक चिकित्सा

गंभीर आजारानंतर वृद्धांचे मन कितपत उभारी धरते, हे मोजण्यासाठी वॅगनिल्ड व यंग यांची १९९३ मधील मापनश्रेणी आजही वापरली जाते. तिचा पाया भक्कम आहे. मोठ्या आघातातून सावरलेल्या २४ वृद्ध अमेरिकन स्त्रियांच्या मुलाखतींतून समचित्तता, चिकाटी, स्वावलंबन, जीवनाची अर्थपूर्णता आणि एकटेपणाचा स्वीकार ही पाच सूत्रे निष्पन्न झाली. त्यांवर आधारित २५ विधानांना प्रत्येकी १ ते ७ गुण असतात.

तथापि स्वावलंबनास उभारीचा घटक मानल्याने आजारपणात अडचण उद्भवते. खुब्याचे हाड मोडलेली वृद्धा सुनेचा हात धरून पुन्हा चालू लागते, तेव्हा साहाय्य स्वीकारणे हीच तिची उभारी असते. या श्रेणीत मात्र तिचे गुण घटण्याचा संभव आहे. शिवाय एकदाच भरून घेतलेली प्रश्नावली त्या दिवसाची मनःस्थिती सांगते, सावरण्याची प्रक्रिया नव्हे. स्मिथ व सहकाऱ्यांची २००८ मधील सहा विधानांची श्रेणी थेट सावरण्याविषयी विचारते. परंतु कोणाच्या आधाराने, हे तीही विचारत नाही.

म्हणून अशा श्रेणी मराठीत आणताना केवळ भाषांतर पुरेसे नाही. परस्परावलंबनाची दखल घेणारी विधाने येथील वृद्धांच्या मुलाखतींतूनच शोधावी लागतील. अन्यथा कुटुंबाच्या आधाराने सावरणाऱ्यांवर दुर्बलतेचा शिक्का बसेल.