भाऊसाहेबांची बखर आणि मोहिमेचा ऐवज

भाऊसाहेबांच्या बखरीचें वाङ्मयीन मोल वादातीत आहे. प्रश्न आहे तो तिच्या साक्षीचा. पानिपताची मसलत कां फसली, यास बखरकाराचें उत्तर स्वभावाचें आहे : भाऊ मानी, वृद्ध सरदार दुखावलेले, सल्ला फेटाळला गेला आणि घात झाला.

इ. स. १८९८ त राजवाड्यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ यांचा पहिला खंड छापला, तेव्हांपासून अस्सल पत्रें निराळें उत्तर देत आहेत. गोविंदपंत बुंदेल्यांस लिहितांना भाऊसाहेब पुनःपुन्हा दोनच गोष्टींवर येतात : ऐवज पाठवा आणि शत्रूची रसद तोडा.

उमरग्याकडील वाचकांस यांतील मर्म सहज उमजावें. जवळच्याच उदगीर-औशाच्या टापूंत फेब्रुवारी १७६० मध्यें याच भाऊंनीं निजामास नमविलें. ते मूळचे कारभारी. दौलतीचा हिशेब त्यांच्या हातीं, पुणें पाठीशीं. कोश आणि तलवार एकत्र होती. मार्चांत परतुराहून ते उत्तरेस निघाले आणि ही जोडी फुटली. ऐवजासाठीं दूरच्या मामलेदाराचें तोंड पाहावें लागलें. दिल्लीस दिवाण-इ-खासच्या छताची चांदी काढावी लागली. डिसेंबरांत गोविंदपंत मारले गेले आणि उरलीसुरली आशाहि खुंटली. कौटिल्यानें राज्याच्या सात अंगांत कोश आधीं व दंड त्याच्या लगत सांगितला, तो क्रम उगाच नव्हे.

म्हणून बखर टाकाऊ ठरत नाहीं. कारभारी व सरदार यांचें बिनसलें होतें, हें तिचें म्हणणें खरें आहे. परंतु त्या बेबनावाचें एक मूळहि हिशेबांतच सांपडतें. राघोबादादा १७५८ त लाहोरापर्यंत पोंचले, पण परतले ते कर्ज घेऊन. पुढील मोहिमेवर भाऊंची योजना झाली, तिच्यामागें हा अनुभव होता. बखरकारानें भांडण ऐकलें. भांडणाचें कारण त्यानें तपासलें नाहीं.

यांतून संग्राहकांनीं एक बोध घ्यावा. बखर आणि शिक्क्याचें पत्र आपण हौसेनें जपतों. जमाखर्चाचे मोडी बंद मात्र नीरस म्हणून वाळवीच्या स्वाधीन होतात. लष्कर कोठें थांबलें, कां थांबलें आणि कोणाच्या शब्दावर पुढें गेलें, याची साक्ष पुष्कळदां त्याच बंदांत असते. देशपांडे-कुळकर्ण्यांच्या घरीं दप्तर पाहावयास जाणारानें पहिल्यानें हिशेबाचा रुमाल सोडावा. बखर मागाहून वाचावी.