चिकित्सक वास्तववाद आणि सामाजिक संशोधन : शेतकरी आत्महत्यांच्या आकडेवारीच्या निमित्ताने

प्रत्यक्षार्थवाद निरीक्षणात येणाऱ्या नियमिततेलाच ज्ञान मानतो, तर टोकाचा रचनावाद सामाजिक वास्तवाला केवळ अर्थांचे जाळे ठरवतो. रॉय भास्कर (१९४४-२०१४) यांच्या 'अ रिअ‍ॅलिस्ट थिअरी ऑफ सायन्स' (१९७५) या ग्रंथापासून विकसित झालेला चिकित्सक वास्तववाद या दोहोंतील समान दोषावर बोट ठेवतो. 'काय आहे' हा प्रश्न दोन्हीकडे 'आपल्याला काय कळते' या प्रश्नात विरघळून जातो. म्हणून भास्कर वास्तवाचे तीन स्तर कल्पितात : अनुभवास येणारे, प्रत्यक्ष घडणारे आणि घटनांच्या मुळाशी असणाऱ्या कारक यंत्रणांचे.

या भेदाचे महत्त्व एका उदाहरणाने स्पष्ट होईल. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांनुसार देशातील शेतकरी आत्महत्या २०१३ मध्ये ११,७७२ होत्या. २०१४ मध्ये त्या ५,६५० झाल्या. वर्षभरात अरिष्ट निम्म्याने ओसरले काय? तसे म्हणता येत नाही. २०१४ पासून शेतमजुरांची गणना स्वतंत्र झाली आणि त्या वर्गात ६,७१० मृत्यू नोंदले गेले. जमीन नावावर नसलेली शेतकरी स्त्री तर 'शेतकरी' या वर्गातूनच निसटण्याची शक्यता असते. नोंद म्हणजे घटना नव्हे आणि घटना म्हणजे तिचे कारण नव्हे.

मात्र 'आकडे रचलेले असतात' एवढे म्हणून थांबणेही अपुरे आहे. मृत्यू रचलेले नसतात. येथे संशोधकाने घटनेवरून तिला शक्य करणाऱ्या यंत्रणेकडे उलट अनुमान करावयाचे असते : पतपुरवठ्याची रचना, कोरडवाहू शेतीतील जोखीम, बाजारभावातील अनिश्चितता. समाज ही खुली व्यवस्था असल्याने सारखेच कर्ज सर्वत्र सारखा परिणाम घडवीत नाही. मार्गारेट आर्चर यांनी १९९५ मध्ये आग्रहाने मांडल्याप्रमाणे रचना आणि कर्ता यांचे विश्लेषण वेगवेगळे करून त्यांचा परस्परसंबंध काळाच्या ओघात तपासावा लागतो.

या चौकटीची मर्यादाही गंभीर आहे. अदृश्य यंत्रणा गृहीत धरण्याची मुभा मिळाली की संशोधकाचा पूर्वग्रहच 'यंत्रणा' म्हणून प्रतिष्ठित होऊ शकतो. प्रतिस्पर्धी स्पष्टीकरणांची पुराव्यानिशी तुलना हाच त्यावरील उपाय होय. प्रबंधाच्या पद्धतिशास्त्र-प्रकरणात भास्करांचा उल्लेख करून पुढे केवळ प्रश्नावली व टक्केवारी मांडल्यास हे तत्त्वज्ञान अलंकार ठरेल. ते संशोधनप्रश्नातच उतरले पाहिजे; अन्यथा वर्गीकरणातील बदलालाच आपण समाजातील बदल समजत राहू.